पावकी-निमकीचं व्हायोलिन

व्हायोलिनच्या तारेवरून गज ओढला की तार गजाला चिकटते आणि त्याच्याबरोबर थोडी बाजूला खेचली जाते. ताण सोसेनासा झाला की सुटते, मागे झेपावते आणि पुन्हा चिकटते. ‘ए’ची तार असेल तर हे चिकटणं-सुटणं एका सेकंदात ४४० वेळा होतं. यात निम्मी करामत राळेची. गजाला घोड्याच्या शेपटीचे दीडशेच्या वर केस ताणून बसवलेले असतात, पण राळ न फासता तो तारेवरून फिरवला तर नुसता घसरतो, सूर काही लागत नाही.

जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८६०च्या दशकात या तारेचं चालणं फार बारकाईने पाहिलं. आपल्या डोळ्याला वाजती तार मधे फुगलेली, धूसर दिसते. प्रत्यक्षात कुठल्याही क्षणी ती दोन सरळ रेघांची असते आणि त्या रेघा जिथे मिळतात तिथे एक टोकदार कोपरा असतो. हा कोपरा तारेवरून एकसारख्या येरझाऱ्या घालतो. गजाखालून घोडीकडे गेला की तार सुटते, घोडीवर आपटून परतला की तार पुन्हा पकडली जाते. म्हणजे तार कधी सोडायची हे हात ठरवत नाही, तो कोपरा ठरवतो. हाताचं काम एवढंच, की त्याच्या वाटेत यायचं नाही. गजाचा दाब कमी पडला तर तार नको तेव्हाही निसटते आणि पोकळ, शिट्टीसारखा आवाज येतो. दाब जास्त झाला तर कोपऱ्याला तार सोडवता येत नाही आणि दाराच्या बिजागरीसारखी करकर सुरू होते. या दोन टोकांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत सूर असतो. ती पट्टी शोधायची कुणी? तर अजून बुटाची नाडीही धड बांधता न येणाऱ्या सहा-सात वर्षांच्या पोराने.

डाव्या हाताची कथा याहून अवघड. गिटारला पडदे असतात, पेटीला पट्ट्या असतात. व्हायोलिनची पटरी मात्र कोरी, गुळगुळीत. सूर कुठे आहे हे बोटाला पाठ असावं लागतं. पूर्ण मापाच्या व्हायोलिनवर वाजणारी तार सुमारे ३३ सेंटिमीटर असते. लहान मुलाच्या व्हायोलिनवर ती त्याच्या कितीतरी कमी. तार जितकी आखूड, तितके सूर एकमेकांजवळ. त्यामुळे एका मिलिमीटरची चूक मोठ्या व्हायोलिनवर खपून जाईल, पण छोट्यावर कानाला टोचेल. ज्यांची बोटं सगळ्यांत कच्ची, त्यांच्याच हाती सगळ्यांत कडक परीक्षक दिलेला असतो. ही उलटी तऱ्हा मला तरी थक्क करते.

आता त्या छोट्या व्हायोलिनकडेच पाहू. पूर्वी पाढ्यांनंतर मुलांकडून पावकी, निमकी, पाऊणकी घोकून घेत, तशीच व्हायोलिनची मापं आहेत: पाऊण, अर्धं, पाव, एक अष्टमांश, एक दशांश, एक षोडशांश. पण या अपूर्णांकांना गणित विचारायचं नाही. पूर्ण व्हायोलिनचं खोकं साधारण साडेपस्तीस सेंटिमीटर लांब, तर ‘पाव’ व्हायोलिनचं जवळपास अठ्ठावीस. पाव कसलं, चांगलं पाऊणाहून मोठं! ‘एक षोडशांश’सुद्धा तेवीसेक सेंटिमीटर भरतं. शिवाय आखूड तार स्वभावतः चढ्या सुरात बोलते. तिच्याकडून मोठ्या व्हायोलिनचाच सूर काढायचा तर ती जाड तरी हवी, नाहीतर सैल तरी. खोकं लहान, म्हणून खर्जाला भरदारपणा नाही. पहिल्या वर्षी घरात जो किरकिरा, नाकातला आवाज घुमतो, त्यातला बराचसा दोष वाद्याचा असतो; पोराच्या माथी सगळा मारू नये.

खरी मेख पुढे आहे. पोर वाढतं आणि व्हायोलिन वाढत नाही. पाचव्या वर्षी सुरुवात केलेलं मूल बाराव्या-तेराव्या वर्षी पूर्ण मापाला येईपर्यंत चार-पाच व्हायोलिनं मागे टाकून येतं. तबल्याची जोडी एकदा घेतली की झालं, पेटी तर तीन पिढ्या चालते. लहान मुलाचं व्हायोलिन मात्र दीड-दोन वर्षांत निरुपयोगी होतं, तेही त्या मुलापुरतंच. शेजारच्या धाकट्याला ते अगदी बरोबर बसतं. त्यामुळे एका घराने एका मुलासाठी व्हायोलिनं घेत बसणं हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो, आणि पन्नास घरांनी मिळून पन्नास व्हायोलिनं फिरवत ठेवली तर तोच व्यवहार बिनतोड होतो. मुलांना तंतुवाद्यं शिकवण्याचे उपक्रम जगात जिथे टिकले, तिथे त्यांच्यामागे कुठला तरी समाज उभा दिसतो. मला वाटतं, याचं पहिलं कारण संगीतात नाही, या मापांत आहे.

इंग्लंडमधल्या मेडस्टन गावच्या एका शाळेत १८९७च्या सुमारास हे कोडं हप्त्यांनी सोडवलं गेलं. मर्डॉक नावाच्या कंपनीने मुलांना दर आठवड्याला काही पेनी घेऊन स्वस्त व्हायोलिनं दिली आणि शिक्षकांनी एकेकट्याला न शिकवता वर्गच्या वर्ग उभा करून शिकवलं. पाहता पाहता देशभरातल्या सरकारी शाळांत लाखो मुलं व्हायोलिन वाजवू लागली. बॉस्टनच्या शाळांतले संगीतशिक्षक अल्बर्ट मिचेल ते बघून परतले आणि १९११च्या सुमारास त्यांनी अमेरिकेत तसेच वर्ग सुरू केले. कंपनीचा हेतू धंद्याचा होता हे उघड आहे. पण धंदा करता करता कुणी कामगारांच्या पोरांच्या हाती बाखच्या घराण्याचं वाद्य ठेवत असेल, तर माझी काही तक्रार नाही.

जपानमध्ये वेगळी वाट निघाली. शिनिची सुझुकी यांचे वडील नागोयात व्हायोलिनचा कारखाना चालवत. मुलगा बर्लिनला जाऊन वादन शिकला, आणि त्याला एक अगदी साधी गोष्ट नव्याने जाणवली: जपानमधली झाडून सगळी मुलं जपानी बोलतात. कुणी म्हणत नाही, की या पोराला मातृभाषेची उपजत देणगीच नाही. मग सुराची भाषाही तशीच का शिकवू नये? आधी भरपूर ऐकायचं, मग नक्कल, त्याच त्या गोष्टीची न कंटाळता उजळणी, आणि वाचन फार नंतर. वर्गात आई किंवा वडील शेजारी बसणार, आधी स्वतः शिकणार, घरी सराव करून घेणार. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्सुमोतो गावात त्यांनी हे सुरू केलं. १९५८ साली शेकडो जपानी मुलं एकत्र वाजवतानाची फिल्म अमेरिकेत ओहायोच्या ओबर्लिन कॉलेजात दाखवली गेली, तेव्हा तिथल्या शिक्षकांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. १९६४ मध्ये सुझुकी दहा मुलांना घेऊन स्वतःच अमेरिकेत पोचले. पुढे काय झालं ते अमेरिकेतल्या कुठल्याही मराठी घरात विचारा. कुणाचं ना कुणाचं पोर ‘सुझुकी बुक वन’मध्ये असतंच.

या पद्धतीच्या पहिल्या धड्यांना जाऊन बसलात तर व्हायोलिन दिसेलच असं नाही. मुलांच्या खांद्यावर पुठ्ठ्याचं खोकं असतं, त्याला मानेच्या जागी फूटपट्टी चिकटवलेली, आणि गज म्हणून एक गोल काठी. जमिनीवर जाड कागद, त्यावर प्रत्येकाने आपापल्या पावलांची आकृती काढलेली. एक उभं राहायची, एक वाजवायची. हे खोकं पडलं तर बिघडत काही नाही, आणि नेमकं तेच शिकायचं असतं, न पाडणं. खरं व्हायोलिन आलं की पटरीवर रंगीत चिकटपट्टीच्या बारीक रेघा मारतात, बोटांना पत्ता मिळावा म्हणून. बोटं पत्ता विसरेनाशी झाली की पट्ट्या निघतात. पहिलं गाणं ‘ट्विंकल’, पण तेही सरळ नाही. त्याचा प्रत्येक सूर एका ठरावीक लयीत वाजवायचा, चार भराभर आणि दोन सावकाश. ती लय तोंडात बसावी म्हणून अमेरिकन शिक्षक मुलांकडून ‘मिसिसिपी हॉट डॉग’ म्हणून घेतात. आपल्याकडचा कुणीही तबलजी ती ऐकून सांगेल, तिरकिट धा धा.

न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेम भागात १९८० साली रॉबर्टा ग्वास्पारी शिकवायला आल्या, तेव्हा त्यांच्यापाशी दोन लहान मुलगे होते, मोडलेला संसार होता आणि पन्नास व्हायोलिनं होती. नवरा नौदलात. त्याच्याबरोबर ग्रीसमध्ये असताना त्यांनी ती घेऊन ठेवली होती. हार्लेम म्हणजे तेव्हा बहुतेक कृष्णवर्णीय आणि स्पॅनिश बोलणारी गरीब वस्ती. तिथल्या मुलांना व्हायोलिनचं काय, असं म्हणणारे भेटले असणारच. पण काही वर्षांत तीन प्राथमिक शाळांतली दीडशेच्या घरातली मुलं शिकू लागली. शिकू पाहणारी इतकी, की प्रवेशासाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागत. बाई शिकवायला कडक. सूर चुकला तर ‘छान, छान’ म्हणून पाठ थोपटणाऱ्यांतल्या नव्हेत. गरिबाच्या पोराला हलकं माप लावणं हाच मोठा अपमान असतो, हे त्यांनी ओळखलं होतं असं मला वाटतं.

मग १९९१ आलं. शहराच्या तिजोरीत खडखडाट, आणि काटछाट करायची झाली की कात्री आधी संगीतावर फिरते. परीक्षेत गुण नाहीत, वाद्यं महाग, एका शिक्षकामागे मुलं थोडी. ग्वास्पारींची जागाच गेली. तेव्हा पालक, शिक्षक आणि हितचिंतकांनी मिळून ‘ओपस ११८’ नावाची संस्था काढली आणि उपक्रम शाळेबाहेरच्या पैशावर चालू ठेवला. १९९३ मध्ये निधी उभारायला कार्नेगी हॉलमध्ये ‘फिडलफेस्ट’ झाला. आयझॅक स्टर्न, इट्झाक पर्लमन, मिदोरी यांच्यासारखे वादक हार्लेमच्या मुलांबरोबर रंगमंचावर उभे राहिले. यातल्या स्टर्न यांचं नाव पाहून मला गंमत वाटते. १९६० साली हाच कार्नेगी हॉल जमीनदोस्त होणार होता. लोकांना एकत्र करून, शहराला तो विकत घ्यायला लावून वाचवणारे हेच स्टर्न. लोकांनी वाचवलेल्या हॉलमध्ये लोकांनी वाचवलेला वर्ग वाजला.

या गोष्टीवर ‘स्मॉल वंडर्स’ नावाचा माहितीपट निघाला, त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. १९९९ मध्ये ‘म्युझिक ऑफ द हार्ट’ हा चित्रपट आला. मेरिल स्ट्रीप त्यासाठी व्हायोलिन शिकल्या. दिग्दर्शक वेस क्रेव्हन, भयपटांसाठी गाजलेले. पहिलीच्या वर्गात पन्नास व्हायोलिनं एकदम सुरू झालेली ज्याने ऐकली असतील, त्याला ही निवड अनाठायी वाटणार नाही.

तरी गंमत अशी, की पन्नास मुलं एकत्र वाजवतात तेव्हा ऐकू येतं ते कुणाही एका मुलाच्या वादनापेक्षा बरं असतं. एक मूल किंचित बेसूर असेल तर ते कळतं. दोन असतील तर फारच कळतं, कारण दोन जवळच्या सुरांची टक्कर होऊन आवाज लाटेसारखा कमी-जास्त होऊ लागतो. पण वीस-तीस झाली की त्या असंख्य टकरी एकमेकींत मिसळतात, कान त्यांच्या मधला सूर धरतो, आणि उरतो तो एक रुंद, थरथरता झळाळ. मोठ्या वाद्यवृंदांतल्या व्हायोलिनांचा जो मखमली आवाज आपण ऐकतो, तो निर्माण व्हायलाही हे सूक्ष्म मतभेद लागतात. वाद्यं वाटून घ्यायला गाव लागतं म्हटलं, पण सुराला भरीवपणा यायलाही गावच लागतं.

आपल्या शेजारी गोव्यात तर हे गावाने चालवण्याचं काम पोर्तुगीज काळात शतकानुशतकं चाललं. चर्चला जोडलेल्या पाठशाळांत गावातल्या पोरांना ‘मेस्त्रे’ सोल्फेज, म्हणजे सूर नावाने गाऊन वाचणं, घोकायला लावत आणि बरोबरीने हातात व्हायोलिन देत. उद्देश अर्थातच प्रार्थनासंगीताचा, आणि धर्मांतराच्या इतिहासापासून तो वेगळा काढता येणार नाही. पण त्यातून स्वरलिपी सफाईने वाचणाऱ्या वादकांच्या पिढ्या तयार झाल्या आणि मुंबईला आल्या. हिंदी चित्रपटगीतांत मुखड्याआधी जो व्हायोलिनांचा लोंढा उसळतो, त्यात गोव्याच्या या पाठशाळा आहेत. आजही पणजीत डॉ. लुईस डायस यांनी २००९ साली सुरू केलेलं ‘चाइल्ड्स प्ले’ फाउंडेशन वंचित मुलांना व्हायोलिन, व्हिओला, चेलो शिकवतं. तिकडे कालिंपाँगला एडवर्ड मॅग्वायर या जेझुइट फादरांनी फिडलफेस्टच्याच वर्षी, १९९३ मध्ये, मजुरांच्या मुलांसाठी ‘गांधी आश्रम’ शाळा काढली. तिथे गणित-भाषेइतकंच व्हायोलिनही रोजचं.

गोव्यातल्याच माजोर्ड्याच्या चर्चमध्ये संगीत शिकवणाऱ्या एका गृहस्थांचा मुलगा असाच लहानपणी व्हायोलिन शिकला आणि १९४०च्या दशकात मुंबईच्या स्टुडिओंत पोचला. त्याने पुढे ज्यांना शिकवलं त्यांत प्यारेलाल नावाचा एक मुलगा होता. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतले हे प्यारेलाल आपल्या गुरूला विसरले नाहीत. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’साठी गाणं करताना त्यांनी नायकाला गुरूचं नाव मिळवून दिलं, आणि अमिताभ बच्चन यांनी भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर येऊन ते साऱ्या देशाला ऐकवलं: अँथनी गोन्साल्विस.