बिघडलेली खतावणी

संगणकावर नवा प्रोग्रॅम बसविणे म्हणजे चार फायली आणून ठेवणे, असे आपण धरून चालतो. वस्तुतः त्यामागे एक दप्तर चालू असते. १९९३ साली इयन मर्डॉक यांनी सुरू केलेली डेबियन ही प्रणाली घ्या. तिच्यात डीपीकेजी नावाचा कारभारी असतो. ‘स्टेटस’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाईलीत तो प्रत्येक पॅकेजाची नोंद ठेवतो : नाव, आवृत्ती, ते पुरते बसले की अर्धवट राहिले, आणि त्याला दुसऱ्या कोणाचा आधार लागतो. ऐन लिहिण्याच्या वेळी वीज गेली किंवा डिस्क नासू लागली, की ही खतावणी बिघडू शकते.

मग प्रकार मोठा चमत्कारिक होतो. प्रोग्रॅम जागच्या जागी असतात, चालतातही. पण कारभारी अमुक ओळीपाशी मजकूर लागत नाही म्हणून अडून बसतो. वहीच कोरी झाली असेल, तर त्याच्या लेखी घरात काहीच नसते. सुरक्षिततेच्या दुरुस्त्याही येईनाशा होतात. अशा वेळी सगळे पुसून नव्याने बसवा, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. वही भिजली म्हणून दुकानातला माल फेकून देण्यापैकीच हा सल्ला आहे, असे आम्हांला वाटते.

प्रथम हात आवरावा. शेजारीच ‘स्टेटस-ओल्ड’ ही आधीची प्रत असते; परंतु कोऱ्या वहीवर नवा व्यवहार झाला, की ही प्रतही कोऱ्या वहीचीच होऊन बसते. म्हणून दोन्ही फायली आधी दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. स्टेटस-ओल्डही निकामी निघाली, तर ‘व्हार’खालच्या ‘बॅकअप्स’ कप्प्यात मागच्या काही दिवसांच्या प्रती असतात. शून्य क्रमांकाची सर्वांत ताजी. जी धड असेल ती स्वतः उघडून वाचावी आणि मगच मूळ जागी ठेवावी.

पुष्कळजण येथे थांबतात, आणि खरा घोटाळा येथेच होतो. प्रत सोमवारची आणि मंगळवारी चार पॅकेजे बदललेली, तर वही एक सांगते आणि माल दुसराच असतो. त्यासाठी रोजकीर्द पाहावी लागते. ‘लॉग’ कप्प्यातील डीपीकेजीच्या नोंदवहीत प्रत्येक बसवणूक, बदल आणि काढणूक तारीखवेळेसह उतरलेली असते. प्रतीनंतर आलेली पॅकेजे पुन्हा बसवावीत, गेलेली पुन्हा काढावीत. म्हणजे वही आणि माल जुळतात.

एकही प्रत उरली नसेल, तर ‘युएसआर’मधील ‘शेअर’खालचा ‘डॉक’ कप्पा उघडावा. तेथे बहुतेक प्रत्येक पॅकेजाच्या नावाचा उपकप्पा असतो, आणि आतल्या बदलांच्या टिपणावरून आवृत्तीही कळते. काम किचकट आहे, एखादा दिवस जातो. पण यादी पुन्हा उभी राहते.