क्विक रिलीजची तरफ: झीज आणि निगा

पान्याशिवाय सायकलचं चाक काढायची सोय, म्हणजे क्विक रिलीज, इटलीच्या तुलियो कँपान्योलो यांनी १९३० च्या सुमारास आणली. चाकाच्या पोकळ आसातून ५ मिलिमीटर जाडीची सळई जाते; तिच्या एका टोकाला नट, दुसऱ्या टोकाला तरफ. तरफेच्या मुळाशी कॅम असतो. तरफ मिटली की तो सळई ओढतो आणि चाक फोर्कमध्ये घट्ट बसतं.

झीज होते ती या कॅमपाशीच. उघड्या कॅमच्या तरफेखाली बहुधा प्लास्टिकची वाटी असते. धूळ, पाणी आणि घर्षणाने तिच्यात खाच पडते, कधी तडा जातो. मग तरफ कितीही दाबली तरी पकड ढिली राहते. वाटी मिळाली तर बदलावी, नाहीतर पूर्ण सळई नवी घ्यावी. सळई वाकलेली, आटे झिजलेले किंवा तरफेला चीर दिसली, तर दुरुस्तीच्या फंदात पडू नये.

एरवी काम सोपं आहे. पावसाळ्यानंतर सळई काढून पुसावी, कॅमला थेंबभर तेल आणि सळईला ग्रीसचा पातळ हात द्यावा. सळईवरच्या दोन्ही स्प्रिंगांचं निमुळतं टोक आत, चाकाकडे असू द्यावं. तरफ अर्ध्यावर, म्हणजे आसाच्या रेषेत आली, की जोर लागायला हवा. पूर्ण मिटल्यावर तळहातावर तिचा वळ उमटला पाहिजे. तरफ नटासारखी गरागरा फिरवून आवळणं ही धोक्याची चूक आहे. निघण्यापूर्वी एकदा तरफेला हात लावून पाहाच. चाक तिच्याच भरवशावर असतं.