घडीत बसणारी वाकळ

यवतमाळ जिल्ह्यात गोधड्या शिवायचा मोसम कापूस ठरवतो. दसरा-दिवाळीला सुरू झालेली वेचणी फरदडीसकट माघ-फाल्गुनापर्यंत रेंगाळते. मग उभी पऱ्हाटी उपटून सरपणाला घरी येते, होळी होते, आणि मृग लागेपर्यंत बायांच्या हाताला थोडी उसंत मिळते. याच दिवसांत पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असतो. धुतलेलं लुगडं तासाभरात खडखडीत वाळतं आणि दुपारी घराबाहेर पाय टाकवत नाही. दारव्हा तालुक्यातल्या माझ्या मावशीच्या गावात अशा दुपारी ओसरीवर चार घरच्या बाया जमतात. प्रत्येकीच्या काखेत चिंध्यांचं एक गाठोडं असतं.

या जिल्ह्याची ओळख कापसाची, पण इथल्या गोधडीत रुईचा पुंजकाही नसतो. पिकलेला कापूस विकायचा असतो, तो घरात राहत नाही. यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरला जाणारी छोटी रेल्वे, आता बंद पडलेली शकुंतला, मुळात टाकली गेली ती हा कापूस मुंबईकडे नेण्यासाठीच. गावात परत आलं ते कापड. ते अंगावर फाटलं, मग पुसण्याला आलं, वेचणीच्या वेळी कमरेला ओटी म्हणून बांधलं गेलं, आणि तरीही त्यात जो जीव उरला तो गोधडीत गेला. रुई भरलेली दुलई वर्षा-दोन वर्षांनी गोळे धरते, ती पिंजाऱ्याकडे न्यावी लागते. कापडाच्या थरांची गोधडी मात्र धुता येते आणि दर धुण्यात मऊ होत जाते. बाळंतिणीच्या खोलीत पहिला मान तिलाच मिळतो, तो यामुळे.

यंदा ओसरीवर जे चाललं होतं ते नेहमीपेक्षा वेगळं होतं. गोधडीच्या पाठीला एक खिसा लावायचा आणि दिवसा सगळी गोधडी त्या खिशात घालून तिची गादीसारखी चौकोनी उशी करायची. अमेरिका-कॅनडाकडच्या शिवणकाम करणाऱ्या बायकांना ही रचना बऱ्याच वर्षांपासून ठाऊक आहे. मी ती मावशीला कागदाची घडी घालून दाखवली. तिनं कागद हातात घेतला, दोनदा उलटा-सुलटा केला आणि पहिला प्रश्न मापाचा विचारला नाही, जाडीचा विचारला. "वाकय जाड असली त घडी कशी होईन व?"

सगळं काम याच प्रश्नावर उभं आहे. आपल्याकडची थंडीची गोधडी पाच-सहा थरांची, कधी त्याहून जड. ती दुमडून खिशात कोंबली तर दगड होतो आणि खिशाचे कोपरे उसवतात. हिशोब सोपा आहे. गोधडी रुंदीत तिहेरी दुमडायची, मग लांबीत चौपदरी. म्हणजे उशीत बारा पदर येतात. गोधडी तीन थरांची असेल तर कापडाचे छत्तीस थर होतात, पाच थरांची असेल तर साठ. मावशीनं तीनच थर ठरवले: वर तुकड्यांचा, मध्ये एक भरणाचा, खाली अस्तर. जाडी कमी करून ऊब राखायची तर कापड निवडूनच घ्यावं लागतं. म्हणून त्या दिवशी सुई बाहेर यायला बराच वेळ लागला.

कापड निवडणं पाहण्यासारखं असतं. नऊवारी लुगडं सगळीकडे सारखं झिजत नाही. काष्ट्याकडचा आणि बसण्याचा भाग विरतो, पदर आणि आतलं टोक धड राहतं. मावशी कापड उजेडाकडे धरते. जिथून ऊन चाळणीसारखं येतं तो भाग बाजूला. मग दोन्ही अंगठ्यांनी ताणून बघते. कात्री ती क्वचितच लावते. कडेला दातानं चीर देते आणि टर्रकन फाडते, कारण फाडलेलं कापड धाग्याच्या रेषेत सरळ निघतं, कापलेलं तिरकं जाऊ शकतं. एका बऱ्या नऊवारीत या मापाचे दोन थर सहज निघतात. अडचण नऊवारी मिळण्याचीच आहे. गाठोड्यांत आता बहुतेक सहावारी, त्याही सिंथेटिक. त्या साड्या थरांत एकमेकींवरून घसरतात, टाका धरत नाहीत, घाम पीत नाहीत. ओसरीवरच्या बायांनी त्या काठाच्या पट्ट्यांपुरत्या ठेवल्या. मधल्या थरात मावशीनं सासूचं इरकली लुगडं घातलं. ते कधी कुणाला दिसणार नाही, पण तिथेच सगळ्यांत मऊ कापड हवं, असं तिचं म्हणणं, आणि ते खरं आहे. ऊब मधल्या थरात अडते.

इंचपट्टी माझ्या हातात होती, ती तशीच राहिली. मावशी वितीनं मोजते. गोधडी रुंदीला पाच वीत चार बोटं, लांबीला सात वीत चार बोटं. खिसा दोन वीत चौरस, म्हणजे एक हात. वीत बारा बोटांची धरली की रुंदीचा तिसरा हिस्सा एकवीस बोटांहून किंचित जास्त येतो आणि खिसा चोवीस बोटांचा असतो. जी अडीच-पावणेतीन बोटांची मोकळीक उरते ती घडीच्या जाडीत जाते. लांबीचंही तसंच: पहिल्या दोन विती खिशाच्या पाठीशी राहतात, उरलेलं तीन पदरांत मुडपतं. नंतर माझ्या पट्टीवर ही गोधडी सुमारे चार फूट बाय साडेपाच फूट आणि खिसा अठरा इंची भरला. पण मावशीची वीत नऊ इंचांपेक्षा जरा लहान असती तरी काही बिघडलं नसतं, कारण खिसाही त्याच हातानं मोजला होता. बिघडलं असतं ते गोधडी एकीनं आणि खिसा दुसरीनं मोजला असता तर. म्हणून खिशाचा दर्शनी तुकडा शेजारच्या काकूंना करायला दिला तेव्हा मावशीनं आपल्या मापाची सुतळी सोबत दिली.

या काकू तांड्यावरच्या. दारव्हा, दिग्रस, पुसद हा बंजारा वस्तीचा पट्टा, आणि तुकडे जोडण्यात त्या बायांचा हात आमच्यापेक्षा फार पुढे आहे. चौकोनी जाड कापडाचे तीन कोपरे मध्यात आणून शिवलेली त्यांची पिशवी ज्यांनी पाहिली असेल त्यांना घडी आणि शिवण यांचं त्यांचं गणित कळेल. कापड दुमडून त्यातून जागा काढायची ही कल्पना त्यांना शिकवावी लागली नाही. काकूंनी लाल, काळ्या, पिवळ्या त्रिकोणांची चौकट बांधली, कडेनं उभ्या-आडव्या टाक्यांची नक्षी भरली. आरसे मात्र लावले नाहीत. पाठीला टोचतात.

मग एक जुनी अडचण आली. गोधडी उघडली की खिसा पायथ्याला येतो आणि थंडीत त्यात पाय घालून झोपता येतं. परदेशात हा गुण मानतात. ओसरीवर तो कुणालाच पटला नाही. जिच्यावर डोकं टेकायचं तिच्यात पाय कसे घालायचे? बराच खल झाला. शेवटी मावशीनं निकाल दिला: ही उशी नाही, लोड आहे. पाठीला घ्यायचा, बुडाखाली घ्यायचा, डोक्याखाली नाही. मला हा निकाल योग्य वाटतो. वस्तू दुसऱ्याच्या घरातून आली की आपल्या घरात तिची जागा आपणच ठरवायची असते.

थर अंथरायला सारवलेली जमीन लागते. अस्तर उलटं पसरून चारी कोपऱ्यांवर पाटे-वरवंटे ठेवले, त्यावर मधला थर, हातानं मध्याकडून कडेकडे सुरकुत्या काढत, आणि वर तुकड्यांची बाजू. आधी मोठे कच्चे टाके. मग दोघी समोरासमोरच्या कोपऱ्यांवर बसल्या आणि धावदोरा कडेनं आत सरकू लागला. एक फेरी संपली की तिच्या आत बोटभर अंतरावर दुसरी. टाका किती लहान असावा यावर मावशीचं एकच वाक्य आहे: "दिसला पायजे, पन आंगाले लागला नाई पायजे." दोरा फार ओढला की कापड आखडतं आणि गोधडी मधून फुगते. सैल ठेवला तर पहिल्याच धुण्यात थर सुटतात. बोटांना ते मधलं प्रमाण कळतं, डोळ्यांना कळत नाही. मावशी बोलताना सुईकडे बघतही नाही, आणि तिच्या ओळी माझ्यापेक्षा सरळ येतात.

खिसा सगळ्यांत शेवटी. इथे एक पायरी ऐकताना उलटी वाटते. खिशाची नक्षीची बाजू गोधडीच्या अस्तराकडे तोंड करून, म्हणजे झाकून ठेवायची. काकूंची मेहनत आत लपणार हे पाहून सगळ्या एकदम बोलल्या. "चांगली बाजू आत कायले दाबून रायली?" खिशाच्या तीन बाजू शिवायच्या, गोधडीच्या मध्याकडची चौथी उघडी ठेवायची. ही शिवण नुसत्या अस्तराला घेतली तर ओढ येऊन अस्तर फाटतं, म्हणून सुई तिन्ही थरांतून पार न्यायची. टाका उलटा, दुहेरी. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांवर सगळा ताण येतो. तिथे मावशीच्या नातवाच्या जुन्या जीन्सचे त्रिकोण आतून लावले. यवतमाळजवळ लोहाऱ्याला डेनिमची गिरणी आहे, पण ते कापड गोधडीत घालायला सुई तयार नसते. कोपऱ्याला मात्र त्याच्याइतकं पक्कं दुसरं काही नाही. दाभणानं भोक पाडून दोरा ओवला.

मग घडी. खिसा खाली जमिनीकडे ठेवून गोधडी पसरली. दोन्ही कडा दर्शनी बाजूवर आत घेतल्या, अस्तरावर नाही. मावशीनं खिशात हात घालून आतले दोन कोपरे धरले आणि तो पालथा केला. लाल-काळे त्रिकोण बाहेर आले, मागच्या बाजूला अस्तर आलं. उरलेली लांबी तीन पदरांत मुडपून आत सरकवली, कोपऱ्यांत बोटं घालून नीट बसवली. ओसरीवरच्या बायांनी तो लोड हातोहात फिरवला, दाबून पाहिला, आणि मग जिच्या तिच्या तोंडी एकच: परत उघडून दाखव.

मला या वस्तूचं मोल दिसतं ते इथे. गोधडीला आपल्या घरात दिवसा जागा नसते. सकाळ झाली की ती वलणीवर, ट्रंकेवर, दाराआड जाते. पाहुणा आला की तिच्यावर चादर पडते. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांचं अख्खं पुस्तक केलं, शहरांत तिची प्रदर्शनं भरतात, पण गावच्या बैठकीत ती अजून लपवायचीच वस्तू आहे. शेजारच्याच अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा अंगावर चिंध्यांची गोधडी घेऊन गावोगाव फिरले, लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. तरी घरातली गोधडी आतच राहिली. लोड झालेली गोधडी मात्र पाहुण्याच्या पाठीशी बसते.

तिचा पहिला खरा उपयोग मात्र बैठकीत झाला नाही. मावशीच्या मुलानं ती जागलीला मागितली. हिवाळ्यात तूर आणि हरभरा उभा असताना रानडुकरं आणि रोही रातोरात शेत लोळवतात, म्हणून माणसं माळ्यावर जागत बसतात. मोटरसायकलच्या मागे बांधायला सुटसुटीत, संध्याकाळी बसायला, पहाटेच्या गारठ्यात अंगावर. मोठ्या गोधडीची ऊब तिला नाही, हे त्यानंच मान्य केलं. म्हणून पुढची चार थरांची करून खिसा बोटभर वाढवायचा, असं आता ठरलं आहे.

विक्रीची गोष्ट वेगळी आणि अवघड आहे. गावातल्या बचत गटाला अशा गोधड्या करून विकायच्या आहेत. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनापर्यंत माल जाऊ शकतो हे त्यांना माहीत आहे. भाव कसा लावायचा ते माहीत नाही. कापूस वेचला तर किलोवर पैसे मिळतात, गोधडीला असं काही माप नाही, आणि कापड तर जुनंच, मग कशाचे पैसे, असं गिऱ्हाईक म्हणतं. मी बसून हिशोब केला. बोटभर अंतरावर ओळी घेतल्या तर या एका गोधडीत शंभर मीटरहून अधिक धावदोरा पडतो. टाका आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून अर्धा इंच धरला तर आठ हजारांवर टाके होतात, त्यात खिशाची शिवण आणि काकूंची नक्षी धरलेली नाही. मावशीनं आकडा ऐकला आणि म्हणाली, "मंग टाक्यावरच भाव लावा ना. कापसाले किलो हाय, आमाले टाका." गटाच्या पुढच्या बैठकीत ती हेच मांडणार आहे, आणि मी तो हिशोब कागदावर लिहून तिच्याकडे दिला आहे.