घामाला वाट हवी

एअरसॉफ्ट खेळायला मी पहिल्यांदा गेलो तो जुलैमधला एक रविवार होता. टोकियोच्या पूर्व टोकाला, निशी-कासाईत आम्ही राहतो. तिथून एदोगावा नदी ओलांडली की चिबा प्रांत लागतो आणि थोडं आत गेलं की बांबूची बनं, सुरूसारखी सरळसोट झाडं आणि त्यांच्या आडोशाने आखलेली खेळाची मैदानं. अंगावर जीन्स, जाड सुती टी-शर्ट, त्यावर फुलबाह्यांचा सुती शर्ट आणि छातीवर करकचून बांधलेला, गोळ्यांची मॅगझिनं ठेवायचा चेस्ट रिग. सुती कपडे उन्हाळ्यात बरे, हे लहानपणापासून ऐकलेलं. अकरा वाजेपर्यंत शर्ट पिळला तर पाणी निघावं अशी अवस्था झाली, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि मी झाडाला टेकून खालीच बसलो. गटातल्या एका वयस्कर जपानी गृहस्थांनी रिगचे पट्टे सोडले, मानेवर ओला टॉवेल ठेवला, आणि पाठीला चिकटलेला शर्ट चिमटीत धरून अंगापासून दूर ओढला. म्हणाले, “इथे एवढं पाणी साठलंय. ते जाणार कुठून?”

उन्हाळ्यात खेळायचे कपडे निवडताना तेव्हापासून मी हाच एक प्रश्न विचारतो. कापड पातळ आहे का, महाग आहे का, त्यावर ‘कूल’ असं छापलंय का, हे सगळं त्यानंतर.

आधी अडचण नीट समजून घेऊ. एअरसॉफ्टमध्ये खेळण्यातल्या बंदुकांतून एकमेकांवर 6 मिलिमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या गोळ्या उडवतात, साधारण 0.2 ग्रॅम वजनाच्या. जपानमध्ये 2006 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशा गोळीची ऊर्जा सुमारे 0.98 ज्यूलच्या आत ठेवण्याचं बंधन आलं. म्हणजे 0.2 ग्रॅमची गोळी फार तर सेकंदाला 99 मीटर वेगाने येणार. सहसा जखम होत नाही, पण उघड्या दंडावर बसली तर लाल वळ उठतो आणि चांगलं झोंबतं. शिवाय झुडपांत कोपरांवर सरपटायचं, आणि जपानी रानात गोचिड्या असतात. म्हणून फुलबाह्या हव्यात, पूर्ण पँट हवी, तोंडावर मास्क आणि डोळ्यांवर सगळीकडून बंद असलेला गॉगल हवा. क्रिकेटवाल्यासारखं अर्ध्या बाह्यांत मोकळं फिरता येत नाही. अंग पूर्ण झाकायचं आणि तरी ते तापू द्यायचं नाही, असा हा पेच आहे.

आता शरीराकडे बघू. सामान अंगावर घेऊन चढ चढणारं, मधूनच धावणारं शरीर 400 ते 500 वॅट उष्णता तयार करतं, म्हणजे शंभर वॅटचे चार-पाच जुने दिवे अंगात पेटल्यासारखं. ही उष्णता बाहेर टाकायचं मुख्य साधन म्हणजे घाम. एक ग्रॅम घाम सुकताना जवळजवळ 2.4 किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. तासाभरात एक लिटर घाम पूर्ण सुकला तर 670 वॅटच्या आसपास उष्णता निघून जाते, म्हणजे गरजेपेक्षाही जास्त. यातला कळीचा शब्द ‘सुकला’ हा आहे. जो घाम हनुवटीवरून टपकला, मोज्यात उतरला किंवा रिगखाली डबक्यासारखा साचला, त्याने थंडावा जवळजवळ काहीच दिला नाही, शरीरातलं पाणी मात्र नेलं. त्या दिवशी मला घाम भरपूर येत होता, पण त्यातला फारच थोडा सुकत होता.

घाम सुकणं हवेवरही अवलंबून आहे, आणि इथे आपली गावाकडची समज परदेशात फसवते. मे महिन्यात नागपुरात पारा 44 अंशांवर आणि आर्द्रता 15 टक्के असते, तेव्हा हवा घाम अक्षरशः ओढून घेते. चिबात जुलैमध्ये पारा 33 अंश, पण आर्द्रता 65-70 टक्के. त्वचेवरची ओल हवेत ढकलणारा जो जोर असतो तो नागपुरात चिबाच्या जवळजवळ दुप्पट. दुसरा फरक तितकाच मोठा. त्वचेचं तापमान साधारण 35 अंश असतं. चिबातली हवा त्याहून थोडी थंड, म्हणून अंगाला लागणारी प्रत्येक झुळूक फायद्याची. नागपुरातली दुपारची हवा त्वचेपेक्षा तापलेली, झळ लागते ती त्यामुळेच. म्हणून विदर्भातला शेतकरी कानांवरून दुपट्टा गुंडाळतो, ऊन आणि झळ दोन्ही बाहेर ठेवतो, आणि आतली जी थोडी ओल असते ती सुकून त्याला थंडावा देते. तिथे तेच शहाणपण. चिबात तसं गुंडाळून घेतलं तर उकडून निघाल.

अशा दमट हवेत ‘आज खेळावं की नाही’ हे नुसत्या थर्मामीटरवरून ठरवत नाहीत. जपानमध्ये ‘डब्ल्यूबीजीटी’ नावाचा अंक बघतात. उन्हातल्या या हिशोबात ओल्या फडक्याने झाकलेल्या थर्मामीटरच्या तापमानाला 70 टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याच्या तापमानाला 20 टक्के आणि साध्या हवेच्या तापमानाला 10 टक्के. ही पद्धत 1950 च्या दशकात अमेरिकी सैन्याने नवशिक्या जवानांना उष्माघातापासून वाचवण्यासाठी काढली. समजा हवा 32 अंश आणि आर्द्रता 70 टक्के आहे. ओला थर्मामीटर 27 च्या आसपास दाखवेल. काळा गोळा 45 वर गेला असेल तर अंक येतो 31 च्या थोडा वर. जपानी निकषांनुसार 28 च्या पुढे जोराची मेहनत टाळायची आणि 31 च्या पुढे व्यायाम मुळात करायचाच नाही. अशा दिवशी कितीही उत्तम कपडे असले तरी घरीच थांबावं. कपड्यांचा पुढचा सगळा विचार त्याखालच्या दिवसांसाठी आहे.

कापडाचं बघू. सुताला पाणी आवडतं. ते धाग्याच्या आत शिरतं, धागा फुगतो, विणीतली छिद्रं बुजत जातात, कापड जड होऊन अंगाला चिकटतं आणि वारा आत यायची वाट बंद होते. कोरड्या हवेत हेच सूत छान, कारण तिथे ते भराभर सुकतं. पॉलिएस्टरचा धागा पाणी जवळजवळ पीतच नाही. नेहमीच्या हवेत सूत वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओल धरतं, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून घाम धाग्याच्या आत न शिरता धाग्यांमधल्या फटींतून पसरतो, मोठ्या जागेवर पातळ होतो आणि लवकर उडतो. पण सगळं पॉलिएस्टर असं नसतं. दाट विणीचं, गुळगुळीत, रेनकोटासारखं कापडही पॉलिएस्टरच. तेव्हा लेबलवर न जाता हात आणि तोंड वापरावं.

माझी दुकानातली पद्धत साधी आहे. कापड ओठांना घट्ट लावून फुंकर मारायची आणि पलीकडे तळहात धरायचा. वारा सहज लागला तर कापड श्वास घेतं. घरी आणल्यावर दुसरी परीक्षा. जुना आणि नवा असे दोन शर्ट तोलून घ्यायचे, दोन्हींवर अर्धा-अर्धा तांब्या पाणी ओतायचं, पिळायचे आणि बाल्कनीत दोरीवर शेजारी शेजारी टांगायचे. अर्ध्या तासाने पुन्हा तोलायचे. ज्याचं वजन आधीच्या कोरड्या वजनाच्या जास्त जवळ आलं तो मैदानावर न्यायचा. माझा तो जाड सुती शर्ट संध्याकाळीही काखेत ओला होता.

हाताला लागताच गार वाटणारे कापडाचे प्रकार जपानी दुकानांत ढिगाने मिळतात. तो गारवा खरा असतो, पण तो कापड त्वचेतली उष्णता पहिल्या स्पर्शाला पटकन शोषतं म्हणून. कापड अंगाइतकं तापलं की तो संपतो. दिवसभराच्या खेळाला त्याचा भरवसा धरू नये.

शिवण आणि माप यांना मी कापडापेक्षा जास्त महत्त्व देतो. 1980 साली ‘नेचर’ या शास्त्रीय नियतकालिकात बेदुइन लोकांच्या काळ्या झग्यांवर एक अभ्यास छापून आला होता. वाळवंटात काळा झगा घातला काय, पांढरा घातला काय, माणसाच्या अंगात पोचणारी उष्णता सारखीच निघाली. काळ्या कापडाने जास्त ऊन शोषलं खरं, पण झगा इतका सैल की ती जादा उष्णता अंगापर्यंत यायच्या आत वाऱ्याबरोबर निघून गेली. लपायचे रंग गडद असतात म्हणून हळहळणाऱ्या खेळाडूंना मी हे आवर्जून सांगतो. एक माप मोठा शर्ट, पँटच्या बाहेर सोडलेला, गळा थोडा उघडा. हललं की कापड भात्यासारखं हलतं, खालून हवा येते आणि गळ्यातून जाते. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैनिकांना जंगलासाठी दिलेला गणवेश हलक्या सुताचा, सैल आणि शर्ट बाहेर सोडायचा होता. नंतर तोच रिपस्टॉप विणीत आला. या विणीत ठरावीक अंतरावर जाड धागे असतात, त्यामुळे पातळ कापडही काट्याला अडकून उभं फाटत नाही. पँटसाठी आजही मी रिपस्टॉपच घेतो. मांड्या घासू नयेत म्हणून आत पातळ, लांब, सिंथेटिक अंतर्वस्त्र घालतो. सुती चड्डी ओली झाली की दुपारपर्यंत कातडी सोलवटते.

‘कॉम्बॅट शर्ट’ नावाचा प्रकार बघण्यासारखा आहे. त्याच्या बाह्या जाड, टिकाऊ कापडाच्या आणि धड पातळ, जाळीदार, ताणल्या जाणाऱ्या कापडाचं. सैनिकांच्या चिलखताखाली घालायला तो बनवला गेला, कारण चिलखताखाली खिसे आणि जाड कापड फक्त घाम साठवतात. रिग घालणार असाल तर हाच शर्ट उत्तम. रिगशिवाय खेळणार असाल तर मात्र पातळ धडावर गोळी थोडी जास्त लागेल.

आणि रिग. माझ्या अनुभवात अर्धा त्रास इथेच आहे. रुंद, जाड, पाठभर पसरलेला रिग घातला की खालचं उत्तम कापड निकामी होतं, कारण वाऱ्याला आत यायला जागाच नाही. उन्हाळ्यात मी कंबरपट्टा वापरतो आणि त्यात तीनच मॅगझिनं ठेवतो. खांद्यांवर पट्टे हवेतच तर अरुंद घ्यावेत, जाळीच्या अस्तराचे.

जपानची खास चीज म्हणजे पंख्याचं जाकीट, ‘कूचोफुकु’. सोनी कंपनीत काम केलेल्या इचिगाया हिरोशी यांनी ते तयार करून 2004 साली विक्रीला आणलं. कमरेशी दोन छोटे पंखे असतात. ते हवा आत ओढतात, ती अंगावरून फिरून गळ्यातून आणि बाह्यांतून निघते. रस्त्याचं काम करणाऱ्या माणसांच्या पाठी फुगलेल्या दिसतात त्या यामुळे. इथे कापडाचा नियम उलटा होतो. जाकिटाचं कापड दाट विणीचं लागतं, नाहीतर हवा वाटेतच गळते. त्याच्यावर रिग आवळला तर ते निरुपयोगी. आत मात्र पातळ, घाम पसरवणारा शर्ट हवा, कारण पंखा घाम सुकवतो, हवा गार करत नाही. पंख्यांचा घोंघाट शांत रानात ऐकू जातो, म्हणून आमच्यातले बरेच जण ते दोन फेऱ्यांच्या मध्ये, विश्रांतीच्या तंबूत घालतात. तिथे बार्लीचा गार चहा आणि मिठाची गोळी असतेच.

गॉगलवर वाफ धरते ती बहुधा मास्कमधून वर चढणाऱ्या श्वासामुळे. नाकाशी फट राहणार नाही असा मास्क घ्यावा आणि दुहेरी काचेचा गॉगल. जाळीच्या गॉगलवर वाफ धरत नाही, पण फुटलेल्या गोळीचे तुकडे जाळीतून आत येऊ शकतात, म्हणून मी तो वापरत नाही. वाफ धरली तर हात वर करून मैदानाबाहेर यावं, पण मैदानात गॉगल कधीही काढू नये. एखादा गडी बरळायला लागला, पावलं अडखळायला लागली तर खेळ तिथेच थांबवून त्याला सावलीत न्या, सगळे पट्टे सोडा, अंगावर पाणी ओता, जोराने वारा घाला आणि रुग्णवाहिका बोलवा. जपानमध्ये तो नंबर 119.

रविवारी संध्याकाळी शर्ट धुवायच्या आधी मी तो दोरीवर नुसता टांगतो आणि नीट बघतो. जिथे घाम सुकला तिथे मिठाचे पांढरे डाग उमटलेले असतात, खांद्यांवर, पाठीच्या कडेने, बाह्यांवर. मधोमध, जिथे पट्टा आवळलेला होता, तो भाग तसाच गडद आणि ओला. परवा तो ओला भाग जेमतेम तीन बोटं रुंद होता, कमरेशी.