सरड्याचे दात

आटगावच्या परिसरातून माहुलीचे सुळके दिसतात. ते काळे पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळून थिजलेला शिलारस होय. त्याहून पुरातन प्राण्यांची हाडे या कातळात शोधणे व्यर्थ आहे. मात्र त्या प्राण्यांचा एक दूरचा भाऊबंद येथील कुंपणांवर मान डोलवीत बसलेला असतो. तो म्हणजे सरडा.

मुलांनो, आपले दात जबड्याच्या खळग्यांत रोवलेले असतात, मगरीचेही तसेच. पालीचे दात जबड्याला आतल्या बाजूने चिकटलेले असतात. ते पडतात व पुन्हा उगवतात. सरड्याची तऱ्हा निराळी. पुढचे थोडे दात वगळता त्याचे बाकीचे दात जबड्याच्या कडेवरच हाडाशी एकजीव झालेले असतात. करवतीचे दाते करवतीपासून निराळे काढता येतील काय? तसेच हे. झिजले की झिजले, नवा दात येत नाही.

ही रीत सरड्यांपुरतीच नाही. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंचाजवळ, प्राणहितेच्या काठी कोटा नावाचे खेडे आहे. त्याच्या नावाने ओळखले जाणारे खडक नदीपलीकडे तेलंगणातही पसरले आहेत. तेथील माती धुऊन व चाळून इवलेसे जबडे मिळाले. त्यांवरून २००१ साली दोन प्राण्यांना ‘गोदावरीसॉरस’ व ‘रेब्बनासॉरस’ ही नावे देण्यात आली. दिसण्यात सरड्यासारखे, पण कुळ वेगळे! त्या कुळातील एकच प्राणी आज हयात आहे. तो न्यूझीलंडमधील तुआतारा. त्याच्या वरच्या जबड्यात दातांच्या दोन रांगा असतात आणि खालची रांग त्यांच्यामधील खाचेत नेमकी बसते. म्हातारपणी दात झिजून गेले, की तो बापडा नुसत्या हाडांनी चावतो.

मग खरा सरडा किती जुना? मध्य प्रदेशातील टिकी येथील, सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत एक लहानसा खालचा जबडा मिळाला. २००६ साली ‘टिकीग्वानिया’ या नावाने तो जगातील सर्वांत जुना सरडा म्हणून जाहीर झाला. परंतु दात न्याहाळता काही शास्त्रज्ञांना शंका आली. ते आजच्या सरड्याच्या दातांशी फारच जुळत होते. इतक्या दीर्घ काळात काहीच कसे बदलले नाही? अलीकडे मेलेल्या एखाद्या सरड्याचे हाड त्या जुन्या मातीत मिसळले असावे, असे मत त्यांनी २०१२ साली मांडले.