परवान्याशिवाय शर्यतीच्या मार्गावर

मोटारींच्या शर्यतींविषयीं वर्गांत बोलणें चाललें असतां एका विद्यार्थ्यानें प्रश्न केला, "सर, ज्याला फेंफरें येतें त्याला रस्त्यावर मोटार चालवूं देत नाहींत, हें योग्यच आहे. परंतु शर्यतीचा मार्ग म्हणजे कांहीं रस्ता नव्हे. तेथें मुलें खेळत नाहींत कीं गुरें आडवीं येत नाहींत. मग परवाना नसलेल्या आजारी मनुष्यानें तेथें आपली हौस कां पुरवूं नये?" प्रश्न विचारण्याजोगा होता. त्याचें उत्तर मात्र वाटतें तितकें सोपें नाहीं.

इंग्लंडांत हा प्रश्न पुष्कळांस प्रत्यक्ष पडतो. सिल्व्हरस्टोन, ब्रँड्स हॅच, स्नेटर्टन अशा प्रसिद्ध मार्गांवर शर्यत नसेल त्या दिवशीं हौशी लोक पैसे भरून स्वतःची मोटार घेऊन येतात व ती मनमुराद पळवितात. यास तेथें 'ट्रॅक डे' म्हणतात. ही स्पर्धा नव्हे. येथें बक्षीस नसतें. तथापि शिस्त कडक असते. सकाळीं सर्वांस एकत्र बसवून नियम समजावून देतात. पिवळें निशाण दिसलें कीं वेग कमी करावयाचा, तांबडें दिसलें कीं सर्वांनीं सावकाश परतावयाचें, आणि काळें निशाण ज्यास दाखविलें त्यानें एकट्यानेंच बाहेर यावयाचें. दुसऱ्याच्या पुढें जावयाचें तें ठरल्या बाजूनेंच, आणि तेंही पुढच्यानें वाट दिल्यावर.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. ब्रिटनमध्यें १९०३ च्या कायद्यानें चालकास परवाना आवश्यक झाला व रस्त्यावरील वेग ताशीं वीस मैलांवर बांधला गेला. एवढ्यानें ज्यांचें समाधान होईना त्यांच्यासाठीं १९०७ मध्यें सरे परगण्यांत ब्रुकलंड्स येथें खास मोटारमार्ग उघडला. जमीन खाजगी असल्यामुळें रस्त्याची वेगमर्यादा तेथें पोहोंचत नसे. आजही बंदिस्त खाजगी मार्गावर परवान्याची अट घालतात ते बहुधा संयोजक व विमेवाले, कायदा नव्हे. बहुतेक संयोजक परवाना पाहिल्याशिवाय कोणास आंत सोडीत नाहींत. मात्र नुसत्या दिसण्यावर जाऊं नये. जर्मनींतील न्यूर्बुर्गरिंगचा सुमारें एकवीस किलोमीटरांचा जुना मार्ग सर्वांस खुला असतो तेव्हां तो टोल घेणारा सार्वजनिक रस्ताच समजला जातो, आणि तेथें परवाना कायद्यानेंच लागतो.

तेव्हां खाजगी मार्गावर प्रश्न कायद्याचा कमी आणि शरीराचा अधिक. येथें सर्व व्याधींस एकाच मापानें मोजणें हा मोठा अन्याय होईल. इटलीचे आलेस्सांद्रो झानार्डी यांचे दोन्ही पाय २००१ मध्यें शर्यतींतील अपघातांत गेले. त्यांच्याकरितां फेरफार केलेल्या मोटारीनें त्यांनीं २००५ मध्यें जागतिक टूरिंग मोटार स्पर्धेंतील एक शर्यत जिंकली. बेल्जियमचे लुक कोस्टरमान्स हे तर अंध. त्यांनीं २००८ मध्यें फ्रान्समधील एका मोकळ्या विमानतळावर मोटार ताशीं ३०८ किलोमीटरांहून अधिक वेगानें नेली. शेजारीं बसलेला डोळस सोबती त्यांस दिशा सांगत होता. पाय नाहींत किंवा डोळे नाहींत, ही उणीव सकाळीं असते तितकीच सायंकाळीं असते. तिची मोजदाद आगाऊ करतां येते, म्हणून तिच्यावर उपायही आगाऊ योजतां येतो.

इन्शुलिन घेणाऱ्या मधुमेही चालकाची गोष्ट याहून नाजूक. साखर एकाएकीं उतरली तर भान सुटतें. परंतु ती मोजतां तरी येते. ब्रिटनमध्यें अशा चालकानें निघण्यापूर्वीं दोन तासांच्या आंत व पुढें दर दोन तासांनीं रक्त तपासावें असा दंडक आहे.

फेंफऱ्याचें तसें नाहीं. पुष्कळदां तें कसलीही सूचना न देतां येतें. ताशीं शंभर किलोमीटर वेगानें मोटार एका सेकंदांत सुमारें अठ्ठावीस मीटर जाते. म्हणजे दहा सेकंद भान हरपलें तर ती २८० मीटर निर्नायकी धांवली. ट्रॅक डेच्या दिवशीं त्या २८० मीटरांत दुसऱ्या मोटारी असतात व वळणावर निशाण घेऊन उभा असलेला मनुष्य असतो. शिकवणाऱ्याजवळ दुसरा ब्रेक असला तर पुष्कळ साधतें, हें खरें. पण ताठरलेल्या हातांनीं चक्र घट्ट धरून ठेविलें तर त्या ब्रेकनें काय होणार? माझ्या मतें मोकळें मैदान, एकच मोटार, बेताचा वेग, जाणता सोबती, आणि डॉक्टर व संयोजक या दोघांस सर्व खरें सांगितलेलें, एवढें जुळलें तरच हा विचार करावा. इतर मोटारींच्या गर्दींत मुळींच नाहीं.

यांत अवघड गोष्ट खरें सांगण्याचीच आहे. २२ डिसेंबर २०१४ रोजीं ग्लासगो शहरांत कचरा वाहून नेणाऱ्या लॉरीचा चालक बेशुद्ध पडला आणि सहा माणसें प्राणास मुकलीं. २०१० मध्यें बसच्या चक्राशीं बसला असतां त्यास अशीच मूर्च्छा आली होती व ती त्यानें लपविली होती, असें चौकशींत निष्पन्न झालें. आपल्याकडे परवान्याच्या अर्जाबरोबर प्रकृतीचें जें निवेदन भरून द्यावें लागतें, त्यांतही फेंफरें किंवा एकाएकीं शुद्ध हरपणें याविषयीं प्रश्न असतो. तेथें 'नाहीं' असें लिहिणारा मनुष्य दुष्टच असतो असें नव्हे. कित्येकदां नोकरी जाईल, लोक हंसतील, घरचे काळजी करतील, हीच भीति त्याच्याकडून तें लिहविते.

हें सर्व ऐकून त्या विद्यार्थ्यानें विचारलें, "मग परवाना कायमचाच गेला का?" ब्रिटनमध्यें तसें नाहीं. सामान्यतः बारा महिने एकही झटका न आल्यास साधी मोटार चालविण्याचा परवाना पुन्हा मिळूं शकतो. जड लॉरीसाठीं मात्र औषधाशिवाय दहा वर्षें निर्विघ्न जावीं लागतात.

"आणि अकराव्या महिन्यांत झटका आला तर?"

तर त्या दिवसापासून पुन्हा बारा महिने मोजावयाचे.