लहान स्वयंपाकघर आणि हाताची पोंच

स्वयंपाकघराच्या रचनेविषयीं एका निवृत्त शाळामास्तरानें बोलावें, हें आमच्या भगिनींना थोडें चमत्कारिक वाटेल. ज्यानें जन्मभर खडू आणि फळा यांखेरीज कशाला हात लावला नाहीं, त्याचा या खोलीशीं संबंध काय, असें त्यांनीं विचारलें तर त्यांत गैर कांहींच नाहीं. तेव्हां हा संबंध कसा जडला, तेंच प्रथम सांगतों.

आम्ही मांजरी बुद्रुक येथें राहतों. मळ्यांचें हें गांव २०२१ सालीं पुणें महानगरपालिकेंत समाविष्ट झालें. परंतु त्याच्या आधींपासूनच उसाच्या जागीं उंच इमारती उभ्या राहूं लागल्या होत्या. अशाच एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर आमचें बिऱ्हाड आहे. गांवांतल्या जुन्या घरीं स्वयंपाकघर ऐसपैस होतें. येथें तें सात फूट रुंद आणि आठ फूट लांब. दोन वर्षांपूर्वीं श्रावणांत माळ्यावरचा साबुदाण्याचा डबा काढण्यासाठीं आमची सौ. स्टुलावर चढली, स्टूल कलंडलें, आणि तिच्या उजव्या मनगटाचें हाड मोडलें. सहा आठवडे हात प्लास्टरमध्यें होता. मुलगा परगांवीं. पोळी-भाजीचें काम अर्थातच मजकडे आलें.

दोन-तीन दिवसांतच माझ्या ध्यानांत आलें कीं स्वयंपाक करण्यापेक्षां स्वयंपाकासाठीं हिंडण्यांतच माझा दम जात आहे. मास्तरकीची संवय सुटत नाहीं. मीं चिंचोक्यांची एक वाटी घेतली, आणि शेगडीपासून दुसरीकडे जाण्यासाठीं पाऊल उचललें कीं एक चिंचोका रिकाम्या वाटींत टाकावयाचा, असा नेम केला. वरण, भात, एक भाजी आणि आठ पोळ्या, एवढ्या स्वयंपाकाला ८३ चिंचोके पडले. ८३ खेपा, आणि त्याहि ५६ चौरस फुटांच्या खोलींत!

तेव्हां मला माझ्या आजीची आठवण झाली. ती चुलीपुढें पाटावर बसली कीं तासभर उठत नसे. उजव्या हाताशीं पाण्याचा तांब्या, डाव्या हाताशीं मिसळणाचा डबा, मांडीजवळ परात, पाठीशीं उतरंड. भिंतींतल्या कोनाड्यांत मिठाची बरणी. तिच्या स्वयंपाकघराचें माप फुटांत नव्हतें, हातांत होतें. त्या काळाचे गोडवे मी गात नाहीं. धुरानें तिचे डोळे अकालीं गेले आणि उठतां-बसतां गुडघे धरावे लागत, हें मीं पाहिलें आहे. ओटा आणि गॅस यांनीं बाईला धुरांतून वर काढलें, हें मोठेंच काम झालें. मात्र बाई उभी राहिली तेव्हां तिच्या भोंवतालच्या वस्तु तिच्याबरोबर वर आल्या नाहींत. कांहीं माळ्यावर गेल्या, कांहीं ओट्याखालच्या अंधारांत राहिल्या.

हाताच्या पोंचेचें हें गणित कागदावर मांडून स्वयंपाकघर बांधण्याचा प्रसिद्ध प्रयोग जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरांत झाला. पहिल्या महायुद्धानंतर तेथें कामगारांसाठीं हजारों घरें बांधावयाचीं होतीं. मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन स्थापत्यज्ञ बाईंनीं १९२६ सालीं त्या घरांसाठीं स्वयंपाकघराचा नमुना तयार केला. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर, म्हणजे सुमारें ७० चौरस फूट. आगगाडीच्या भोजनाच्या डब्यांतले आचारी एवढ्याशा जागेंत इतक्यांना जेवूं कसें घालतात, याचा त्यांनीं अभ्यास केला होता, आणि घड्याळ लावून कामांचा वेळ मोजला होता. खिडकीपुढें बसून काम करण्याला फिरतें स्टूल, धान्यासाठीं नांवें घातलेले अल्युमिनियमचे खण, आणि पिठाला कीड लागूं नये म्हणून पिठाचे खण ओक लांकडाचे, इतका बारीक विचार त्यांत होता. अशीं सुमारें १०,००० स्वयंपाकघरें बसविलीं गेलीं. गंमत अशी कीं तोंवर आपण स्वतः कधीं स्वयंपाक केला नव्हता, असें त्या बाईंनींच पुढें मोकळेपणानें सांगितलें. माझा धीर चेपला तो यामुळें!

या नमुन्यांत एक उणीव होती, आणि ती आपल्या घरांना फार बाधते. तेथें एकच माणूस मावत असे. आपल्याकडे एकीनें पोळी लाटावी आणि दुसरीनें भाजावी अशी रीत. दिवाळीच्या फराळाला तर चार हात हवेतच. म्हणून आपण त्यांची मोजण्याची पद्धति घ्यावी, खोली घेऊं नये.

आतां आमच्या खोलीचा हिशेब पाहा. २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणें, जेवणाची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर किमान ५ चौरस मीटरचें आणि १.८ मीटर रुंदीचें असावें लागतें. आमचें ५.२ चौरस मीटर भरतें, तेव्हां बांधणाऱ्याला बोल लावतां येत नाहीं. पण ५६ चौरस फुटांतून आठ फूट लांब व दोन फूट रुंद ओट्याचे १६ वजा करा. फ्रिजचे ४ वजा करा. आणि अडीच फुटी दार आंत उघडतें, तें वर्तुळाचा चतुर्थांश झाडून घेतें, त्याचे जवळजवळ ५ वजा करा. राहिले ३१. दार हा खर्च कोणाच्या मनांतहि येत नाहीं! आम्हीं तें काढून टाकलें. फोडणीचा वास बाहेरच्या खोलींत जातो खरा. त्यासाठीं हवा बाहेर फेंकणारा पंखा वेळेवर लावावा लागतो. फ्रिजहि दाराबाहेर, जेवणाच्या टेबलाशेजारीं नेला. "अहो, पाहुण्यांना पहिला फ्रिज दिसणार का?" असें सौ. म्हणाली. पाहुण्यांना तो दिसतो, आणि थंड पाणी ते आतां स्वतःच घेतात.

जमीन संपली तरी भिंती उरतात. मुंबईच्या बी. डी. डी. चाळींतील खोल्या, १९२० च्या दशकांत बांधलेल्या, सुमारें १६० चौरस फुटांच्या. तेवढ्यांत निजणें, अभ्यास आणि रांधणें सगळें चाले. अशा घरांचा आधार म्हणजे भिंतीवरची मांडणी. तिची खुबी अशी कीं ती उथळ असते: ताटें, वाट्या, डबे एकाच रांगेंत उभे, आणि सगळे समोर. आमच्या भिंतीवरचें कपाट एक फूट खोल होतें, म्हणून त्यांत डब्यांच्या दोन रांगा लागत, आणि मागच्या रांगेंत काय आहे हें कोणालाच ठाऊक नसे. तें आवरलें तेव्हां मोहरीचे तीन डबे निघाले! पुढचा डबा संपला कीं मोहरीच संपली असें समजून नवी आणली जात होती. आतां तेथें सहा इंच खोलीच्या फळ्या आहेत, एका डब्यापुरत्या. सुतार येण्यापूर्वीं डब्यांची उंची मोजून ठेवावी. फळ्यांमधलें अंतर डब्यांनीं ठरवावें, सुताराच्या संवयीनें नव्हे.

ओट्याखालीं याच्या उलट. तेथें दोन फूट खोली असते, म्हणून फळी निरुपयोगी. मागचें भांडें काढण्यासाठीं जमिनीवर बसावें लागतें. तेथें ओढून पुढें येणारी ट्रॉली चांगली, कारण मागचें भांडें स्वतःच पुढें येतें. मात्र सर्वत्र ट्रॉल्या बसविण्याचा सोस करूं नये. चौकटींत आणि रुळांत कांहीं इंच जातातच, आणि बेसिनखालच्या ओलाव्यांत झुरळांची वस्ती होते. ती जागा आम्हीं उघडीच ठेवली आहे.

शिवाय गॅसच्या टाकीला कपाटांत कोंडणें धोक्याचें. टाकींतला गॅस हवेपेक्षां जड असतो. गळला तर खालीं सांचतो, म्हणून कपाटाला तळाशीं झरोके हवेत. टाकी उभी असावी आणि शेगडी तिच्याहून उंच. ज्यांच्याकडे नळानें नैसर्गिक वायु येतो त्यांनीं ध्यानांत घ्यावें कीं तो हवेपेक्षां हलका. त्याला वाट वर हवी.

कामाचा क्रम धुणें, चिरणें, शिजविणें असा आहे; ओट्यावरहि तोच असावा. बेसिन आणि शेगडी यांच्यामध्यें निदान दोन फूट मोकळे हवेत. आमच्या त्या दोन फुटांत मिक्सर आणि पाण्याचें यंत्र ठाण मांडून बसलें होतें, आणि चिरणें ओट्याच्या दुसऱ्या टोंकाला चाले. माझे निम्मे चिंचोके तेथेंच खर्च झाले होते.

उंचीविषयीं थोडें. चिरतांना ओटा कोंपरापेक्षां तीन-चार इंच खालीं असला कीं खांदे उचलावे लागत नाहींत. पोळी लाटतांना वजन द्यावें लागतें, म्हणून तो आणखी खालीं हवा. एकच ओटा दोन्ही कामांना पुरत नाहीं. आम्हीं ओट्याखालून बाहेर ओढावयाची एक फळी करविली, जमिनीपासून २७ इंचांवर, पुढें घडीचा भक्कम पाय असलेली. तिच्यापुढें बसून सौ. पोळ्या लाटते. बसावयाला तेंच स्टूल आहे, पाय कापून १८ इंचांचें केलेलें. माळ्यावर वर्षांतून दोनदांपेक्षां अधिक लागणारी एकहि वस्तु आतां नाहीं. सोऱ्या, घंगाळ, मोठी परात, इतकेंच. साबुदाणा छातीच्या उंचीला आला.

या सर्वानंतर तोच स्वयंपाक मीं केला तेव्हां ३१ चिंचोके पडले. प्लास्टर निघाल्यावर सौ.नें मोजले तर २६ च. मात्र मिठाची बरणी तिनें मीं ठेवलेल्या जागेवरून उचलून शेगडीच्या डाव्या बाजूला नेली. उजव्या हातांत डाव असतो, म्हणून मीठ ती डाव्या हातानें घालते, हें चाळीस वर्षांत माझ्या लक्षांतच आलें नव्हतें.